जुवाखालचा खांदा

बैल चालत असताना त्याच्याकडे बाजूने पाहावं. वशिंडापासून कोपरापर्यंतच्या रुंद, तुकतुकीत भागावर नजर ठेवली की कातडीखाली काहीतरी मोठं आणि चपटं सरकताना दिसतं. पाय पुढे पडतो तेव्हा त्याचं वरचं टोक मागे कलतं. पाय मागे राहतो तेव्हा तेच टोक पुढे येतं. हे खांद्याचं पातं. गाडीच्या धुरेवर बसून ज्यांनी रस्ते तुडवले त्यांनी ही हालचाल आयुष्यभर पाहिलेली असते, पण हाड इतकं मोकळं कसं सरकतं, हे विचारावंसं फारसं कुणाला वाटत नाही. सांध्यात बसलेलं हाड असं सरकू शकत नाही. पातं सरकतं, कारण धडाच्या एकाही हाडाशी त्याचा सांधा नाही.

बैलाच्या खांद्याची ओळख इथून सुरू होते. आपला हात धडाला जोडणारं हाड आहे, ती हासळी. गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटाला लागते आणि माणूस हातावर पडला की बऱ्याचदा मोडते. बैलाला हासळीच नाही. म्हशीला नाही, घोड्याला नाही, शेळी-मेंढीलाही नाही. कुत्र्यात तिची नावापुरती खूण उरली आहे आणि मांजरात ती स्नायूंच्या आत सुटी, बारीक काडीएवढी असते. चौपायांनी पळायचं ठरवलं आणि हे आडवं हाड टाकून दिलं. त्यामुळे पाऊल लांब पडू लागलं, पण पुढचा पाय धडाला धरून ठेवायची सगळी जबाबदारी मांसावर येऊन पडली.

आणि हा पाय काही हलकं काम करत नाही. डोकं, शिंगं आणि मान पुढे असल्यामुळे उभ्या जनावराच्या वजनाचा 55 ते 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर येतो. पाचशे किलोच्या बैलाचे पावणेतीनशे ते तीनशे किलो झाले. मागचा पाय खुब्याच्या खोल वाटीत बसलेला, बंधांनी आवळलेला. त्याच्या वाट्याला कमी भार. जास्त भार घेणारा पुढचा पाय मात्र नुसत्या स्नायूंच्या भरवशावर उभा. ही रचना पहिल्यांदा कळते तेव्हा खरं वाटत नाही.

हा भार पेलणारा मुख्य स्नायू बाहेरून दिसत नाही. पातं आणि बरगड्या यांच्या मधल्या सांदीत तो दडलेला असतो. त्याचं नाव सेरेटस व्हेंट्रॅलिस. पात्याच्या आतल्या अंगाला, वरच्या काठाजवळ तो सुरू होतो आणि खाली पसरत जाऊन मानेच्या मणक्यांना व पुढच्या बरगड्यांना जाड दात्यांनी चिकटतो. डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन खांबांमध्ये झोळी बांधून तीत मूल निजवावं, तसा बैलाच्या छातीचा सगळा पिंजरा, त्यातल्या हृदय-फुफ्फुसांसकट, या दोन स्नायूंनी दोन पायांच्या मध्ये टांगून धरलेला असतो. खड्ड्यात एक पाय गेला की पिंजरा त्या बाजूला किंचित उतरतो आणि पुन्हा सावरतो. दगडावर खूर आपटला तर हबका आधी या मांसात जिरतो, मग कण्याकडे जातो. उतारावर भरली गाडी अंगावर येऊ पाहते तेव्हा बैल पुढचे पाय रोवतो. त्या वेळी गाडी, ओझं आणि स्वतःचं धड, सगळं थोपवायला हाच स्नायू लागतो.

पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला डिसेक्शन हॉलमध्ये हा खांदा उलगडला जातो. महाराष्ट्रात ही विद्या जुनी आहे. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय 1886 सालचं. आता नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही विद्यार्थी हाच पाठ गिरवतात. हाताशी बहुधा राघवन यांचं ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ द ऑक्स’ असतं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 1964 साली काढलेलं हे पुस्तक बैलालाच नमुना धरून लिहिलेलं आहे, आणि मला ते फार योग्य वाटतं. विलायती ग्रंथ घोड्यापासून सुरुवात करत आले, कारण तिथे घोडा हे कामाचं जनावर होतं. आपल्याकडचा खांदा बैलाचा.

फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे चुरचुरत असतात. आधी कातडी सोडवायची. तिच्याबरोबर मांसाचा एक पातळ थर सुटून येतो. तो हाडाला कुठेच धरलेला नसतो, कातडीलाच चिकटलेला असतो. माशी बसली की बैल शेपटी न हलवता खांद्याची कातडी तेवढ्या जागी थरथरवतो, ते या थराचं काम. त्याखाली ट्रॅपेझियस लागतो, मानेच्या आणि पाठीच्या वरच्या रेषेपासून पात्याच्या कण्यापर्यंत पसरलेला, रुंद आणि पातळ. तो कापून उलटला की खाली वशिंडाचं मांस. पुढून, डोक्यापासून दंडाच्या हाडापर्यंत आलेला लांब पट्टा पाय पुढे ओढणारा, आणि पाठीवरून तिरका उतरून काखेत शिरणारा रुंद पट्टा पाय मागे खेचणारा. छातीच्या हाडापासून पायाच्या आतल्या अंगाला आलेले दणकट स्नायू दोन्ही पाय फाकू देत नाहीत. एकेक करून हे सगळे सोडवत जायचं. सर्वात शेवटी पाय उचलून धरून, आत हात घालून, सेरेटसवर सुरी चालवायची. शेवटचे धागे तुटले की आख्खा पाय खुरापासून पात्यापर्यंत अलगद बाजूला येतो. करवत लागत नाही, सांधा उघडावा लागत नाही. मागच्या पायाचं तसं नाही. तिथे खुब्यापर्यंत पोचून, वाटीच्या आतला बंध तोडल्याशिवाय पाय सुटत नाही. टेबलावर सुटून आलेला पुढचा पाय पाहिला की चालत्या बैलाकडे पाहण्याची नजरच बदलते.

सुटून आलेल्या पायाची स्वतःचीही मंडळी असतात. पात्याच्या बाहेरच्या अंगावर हाडाचा एक उभा कणा आहे. त्याच्या पुढे सुप्रास्पायनेटस, मागे इन्फ्रास्पायनेटस. खांद्याच्या सांध्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे बंध असायला हवेत अशी आपली अपेक्षा असते, कारण गुडघ्याला, कोपराला ते असतात. इथे ते नाहीत. बाहेरून इन्फ्रास्पायनेटसची कंडरा आणि आतून सबस्कॅप्युलॅरिसची कंडरा, या दोघी मिळून तो सांधा जागेवर ठेवतात. बंधाचं काम स्नायूने करायचं म्हणजे त्याला सुट्टी नाही. बंध ताणून निर्जीवपणे राहू शकतो. स्नायूला रक्त लागतं, श्वास लागतो, विसावा लागतो. दिवसभर चाललेल्या बैलाच्या खांद्यात थकवा साठतो तो यामुळे.

या मंडळींतला सगळ्यांत थोराड म्हणजे ट्रायसेप्स. पात्याच्या मागच्या काठापासून कोपराच्या टोकापर्यंतची सगळी तिकोनी जागा त्याने भरून काढलेली असते. खिल्लार बैल बाजूने उभा केला की बाजारात जाणता माणूस जिथे पंजा दाबून पाहतो, ती हीच जागा. पुढच्या पायातला हा सर्वांत मोठा स्नायू, आणि त्याचं काम सांगायला गेलं तर एका वाक्याचं: कोपर दुमडू द्यायचं नाही. पण ते एक काम बंद पडलं की पाय संपला. त्याला चालवणारी रेडिअल नावाची नस दंडाच्या हाडाला वळसा घालून जाते आणि तिथे ती दाबली जाऊ शकते. पत्री मारायला बैल पाडतात. जमीन कडक असेल, बैल जड असेल आणि तो बराच वेळ एकाच कुशीवर राहिला, तर खालच्या पायाची ही नस चेपते. मग उठवलेला बैल तो पाय टेकतच नाही. कोपर खाली ओघळलेलं, खुराचं टोक जमिनीला घासतंय. पुष्कळदा काही दिवसांत पाय परत येतो, काही वेळा येत नाही. म्हणून बैल पाडायचा तर मऊ जागी, खाली पेंढा घालून आणि लवकर मोकळा करायच्या बोलीवर.

कोपराच्या खाली मांस झपाट्याने कमी होत जातं. ज्याला आपण बैलाचा पुढचा गुडघा म्हणतो ते खरं तर त्याचं मनगट, आणि त्याच्या खाली जवळपास सगळ्या कंडराच. बोटं वळवणारे, ताणणारे स्नायू वर कोपराजवळ राहतात आणि लांब कंडरांनी खालचा कारभार चालवतात. पाय हजारो वेळा पुढेमागे झुलवायचा तर त्याचं टोक हलकं असलेलं बरं. नळीच्या मागच्या अंगाला तर एक असा स्नायू आहे जो वासरात पुष्कळसा मांसल असतो आणि वाढत्या वयाबरोबर बंधासारखा चिवट होत जातो.

घोड्यात ही गोष्ट आणखी पुढे गेली. त्याच्या दंडातल्या बायसेप्समधून एक जाड कंडरा आरपार जाते आणि तिचा फाटा खाली मनगटापर्यंत पोचतो. त्यामुळे घोडा फारसे स्नायू न शिणवता उभ्याउभ्या डुलकी काढू शकतो. हाच बायसेप्स धावताना ताणला जाऊन एकदम सुटतो आणि पाय पुढे फेकतो, हे लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2003 साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं. बैलाला ही सोय नाही. त्याला विसावा हवा तर बसावंच लागतं. आणि बसलेला बैल उठतो तेव्हा आधी मागचा भाग उचलतो. घोडा आधी पुढचे पाय टाकतो, बैल क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर राहतो, मान पुढे झोकतो आणि मग एकेक पुढचा पाय सरळ करतो. उठताना एखादा बैल त्या गुडघ्यांवर नेहमीपेक्षा जास्त रेंगाळू लागला तर मालकाने खांदा तपासावा.

आता वशिंड. आपल्याकडची खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ ही सगळी वशिंडवाली गुरं. युरोपातल्या गुरांना ते नसतं. वशिंडात नुसती चरबी असते असा पुष्कळांचा समज असतो, पण त्याचा गाभा ऱ्हॉम्बॉइडियस या स्नायूचा आहे, मध्ये चरबीचे थर. म्हणजे पात्याला वरून कण्याशी बांधून ठेवणारा जो स्नायू इतर गुरांत चपटा राहिला, तो आपल्या बैलात उंच वाढला. वळूचं वशिंड भरदार असतं. लहानपणी खच्ची केलेल्या बैलाचं बेताचं. चारा तुटला की ते ढिलं पडतं, कधी एका बाजूला कलतं. बैल कसा पोसला आहे हे वशिंडावरून कळतं, असं शेतकरी सांगतात ते बरोबर आहे.

आणि या वशिंडानेच बैलाचं नशीब ठरवलं. मानेवर आडवं लाकूड टाकलं तर ते मागे घसरायला हवं. वशिंडामुळे ते घसरत नाही. बैल पुढे रेटतो, लाकूड वशिंडाच्या पुढच्या उताराला टेकतं आणि ओढ बसते. 1974 साली प्रवरेच्या काठी दायमाबादला कांस्याच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि चौथी वस्तू म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ, त्यात उभा माणूस. त्या बैलांच्या मानेवरही आडवं जू आहे. गाड्या बदलल्या, चाकं लाकडाची जाऊन रबराची आली, इरजिकीच्या जागी ट्रॅक्टर आला, पण बैल जिथे उरला तिथे जू जिथल्या तिथे आहे.

बैल सलग काम करताना आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी ओढ देऊ शकतो. हजार किलोची जोडी म्हणजे शंभर किलोची ओढ, तीही ताशी अडीच-पावणेतीन किलोमीटरच्या चालीने. हिशेब केला तर जवळजवळ एक अश्वशक्ती होते. रेटा निघतो तो मुख्यतः मागच्या पायांतून. तो कण्यातून पुढे येतो आणि खांद्यापाशी जुवाला मिळतो. खांद्याचे सगळे स्नायू या रेट्याला साथ देत असतात, पण रेटा शेवटी बाहेर पडतो तो मानेच्या मुळाशी, जुवाखालच्या हातभर जागेतून. तिथे काय आहे? कातडी, थोडी चरबी, ट्रॅपेझियसचा पातळ पदर, खाली मानेचा पिवळा चिवट बंध आणि मणक्यांचे काटे. भार पेलायला घडलेला सेरेटस तिथून दूर, बरगड्यांच्या आत. ज्या जागेवर आपण जू ठेवतो ती जागा ओझ्यासाठी बनलेलीच नाही. बैलाच्या खांद्याविषयी माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. निसर्गाने खांद्याला अजोड झोळी दिली, आणि माणसाने भार टाकला तो नेमका त्याच्या सर्वांत उघड्या जागी.

औताची ओढ तरी आडवी असते. दोनचाकी गाडीचं तसं नाही. ओझं पुढे सरकलं की जू खाली दाबतं, मागे सरकलं की गाडी उलार होते आणि गळ्याखालचा पट्टा नरड्याला काचतो. चांगला गाडीवान ओझं भरताना चाकाच्या आसावर तोल साधतो, उतारावर एका जागी सरकून बसतो, चढावर दुसऱ्या. आसाचं वंगण वेळेवर घातलेलं असतं. हे कसब पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, पण बैलाचा खांदा वाचतो तो त्याने.

नाही वाचला तर खांदेसूज येते. सुरुवातीला काही दिसत नाही. संध्याकाळी जू काढल्यावर हात ठेवला तर जागा गरम लागते, दाबली की बैल मान चोरतो. दुसऱ्या दिवशी तिथे फुगवटा असतो. तशाच बैलाला पुन्हा जुंपलं की फुगवटा वाढतो, आत पाणी साठतं, कधी पू होतो. जुंपणं चालूच राहिलं तर पुढे ती जागा कडक, बधिर गाठ होऊन बसते. कातडीला भेगा पडतात, त्यांत माश्या बसतात. अशा गाठीला शेवटी शस्त्रक्रियाच लागते. कारणं सगळ्यांना ठाऊक असतात: जू खडबडीत किंवा एका बाजूला झिजलेलं, खिळा वर आलेला, जोडीतले बैल उंचीने कमीजास्त, शिवळांतलं अंतर चुकलेलं, पहिल्यांदा औताला लावलेल्या गोऱ्ह्याला एकदम दिवसभर राबवलेलं. पावसाळ्यात भिजून मऊ पडलेली कातडी लवकर सोलवटते. डांगी बैलाच्या कातडीतून तेलकट स्राव येतो आणि इगतपुरी-अकोल्याकडच्या धो-धो पावसात त्याचा निभाव लागतो, पण जुवाच्या घासण्यापुढे तेही तेल पुरत नाही.

इलाज साधा आहे आणि तोच सगळ्यात अवघड जातो: बैल मोकळा सोडायचा. सूज ताजी असेल तर गार पाणी, बर्फ. जुनी असेल तर डॉक्टर सांगतील तसा शेक आणि मलम. जळकं ऑइल चोपडू नये, तापल्या सळईने डाग देऊ नये. डागाने सूज हटत नाही, जखम वाढते. एक वेगळं दुखणंही इथेच लक्षात ठेवायला हवं. पात्याच्या मानेवरून सुप्रास्कॅप्युलर नावाची नस जाते आणि तिच्या पुढच्या बाजूला मांसाचं फारसं पांघरूण नाही. फाटकाला, गाडीच्या दांडीला जोरात आपटून ती दुखावली की सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटस हे दोन्ही स्नायू सुकू लागतात. काही आठवड्यांत पात्याचा कणा कातडीखाली धारेसारखा वर येतो. आणि तरण्या, धष्टपुष्ट जनावराच्या खांद्याला किंवा मांडीला अचानक सूज आली, दाबल्यावर चरचर आवाज आला, अंगात ताप असला तर ती खांदेसूज समजू नये. तो फऱ्या असतो, तो तासांत जनावर घेऊन जातो. त्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी लागते.

सगळ्यांत जास्त सोसतो तो साखर कारखान्याच्या वाटेवरचा बैल. गळीत हंगामात फडापासून काट्यापर्यंत दोन-अडीच टन ऊस भरलेली गाडी, मध्यरात्रीची वाट, रस्त्यावर सांडलेली मळी. ऊसतोडीचं कुटुंब त्या जोडीवर उचल फेडत असतं. बैलाने एक दिवस सुट्टी घेतली तर त्यांचा दिवस बुडतो, म्हणून दोष त्यांच्या माथी मारणं मला पटत नाही. पण कायदा आहे. 1965 सालच्या ओढकाम व ओझ्याच्या जनावरांविषयीच्या केंद्रीय नियमांनुसार जनावराला दिवसात 9 तासांपेक्षा जास्त आणि सलग 5 तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही. पारा 37 अंशांवर असेल तर दुपारी 12 ते 3 जुंपताच येत नाही. गाडीत किती वजन भरायचं, तेही त्यात ठरवून दिलं आहे. फडात हे नियम कुणी वाचून दाखवत नाही.

यंत्रांच्या काळात बैलाकडे कोण पाहणार, असं म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे संचालक राहिलेले एन. एस. रामस्वामी यांनी आयुष्याचा मोठा काळ बैलगाडी आणि जू सुधारण्यासाठी खर्च केला. देशभरातल्या जनावरांच्या श्रमाचा हिशेब मांडला पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. आणि 2022 साली इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी बैलगाडीच्या दांडीखाली, जुवाजवळ, आधाराचं एक चाक बसवून दाखवलं. उसाचा भार जमिनीवर, बैलाकडे फक्त ओढ. त्या एका चाकाने खांद्यावरचा खाली दाबणारा भार काढून घेतला. ऊसपट्ट्यातल्याच मुलांना ते सुचलं याचं मला विशेष वाटतं. असं चाक प्रत्येक कारखान्याच्या गाडीतळावर दिसायला हवं. साखर कारखान्यांना तो खर्च जड नाही.

आपल्या शेतकऱ्याला खांद्याचं मोल कळत नव्हतं असं मुळीच नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. बैल न्हाऊ घालून, त्याच्या मानेच्या मुळाशी हळद आणि लोणी किंवा तूप लावून खांदा मळतात. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात, आणि पोळ्याला त्या मानेवर जू चढत नाही. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे हेच बेंदराला होतं. मळणाऱ्या हाताला काय लागतं, तेही सांगतो. केस झिजून गुळगुळीत झालेली, आजूबाजूपेक्षा जाड, काळपट पट्टी लागते. तिच्या दोन्ही कडांना कातडीच्या घड्या लागतात. निरोगी खांद्यात बोटं किंचित रुततात आणि बैल मान सैल सोडून डोळे मिटतो. दुखऱ्या खांद्यात बोटं रुतत नाहीत, आणि मान हाताखालून निसटते. ज्याने आपल्या बैलाचा खांदा असा मळला आहे, त्याला पशुवैद्याच्या आधी दुखणं कळतं. त्यात पूजा आहेच, पण वर्षातली ही एक नेमाची तपासणीही आहे, आणि माझ्या लेखी खांदेमळणीचं मोठेपण या तपासणीत जास्त आहे.

ज्यांच्या गोठ्यात आज बैलजोडी आहे त्यांना माझी विनंती एवढीच की ही तपासणी पोळ्याची वाट पाहत ठेवू नका. रोज जू काढलं की दोन्ही बैलांच्या खांद्यावर तळहात ठेवा. दोन्हींकडे ऊब सारखी लागते का, दाबल्यावर बैल मान चोरतो का, ते पाहा. जुवाची खालची बाजू बोटाने चाचपा, खिळा किंवा कूस लागली तर त्याच रात्री तासून घ्या. खांदा तापलेला लागला तर दुसऱ्या दिवशी त्या बैलाला जुंपू नका, आणि दोन दिवसांत ऊब गेली नाही तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.